बोटीवरच्या पार्टीचं खाणं-पिणं: कोल्हापुरातून निघण्याआधी काय ठरवायचं

भिशीचा ग्रुप असो, तालमीतली पोरं असोत किंवा कुणाची पन्नाशी, हल्ली कोल्हापुरातून तारकर्ली-देवबागला जाऊन कर्ली खाडीत अख्खी बोट ठरवायची पद्धत रुळली आहे. बोट चांगली मिळते, हवाही चांगली असते, आणि घोळ होतो तो खाण्यात. कारण आपण मेनू ठरवतो शेतातल्या रस्सा पार्टीचा. शेतात चूल असते, विहिरीचं पाणी असतं, मांडी घालून बसायला जमीन असते. बोटीवर यातलं काहीच नसतं, शिवाय पायाखालचं हलत असतं.

म्हणून सगळ्या निवडीसाठी एकच कसोटी धरा: एक हात बोटीला, एक हात तोंडाला. जो पदार्थ एका हातानं, न सांडता, गरम न करता आणि नंतर ताट न धुता खाता येतो, तो बोटीवर. बाकीचं कितीही आवडतं असलं तरी काठावर.

खालचे आकडे २५ माणसं आणि तीन तासांची फेरी धरून दिले आहेत. तुमची माणसं मोजून त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

टप्पा १: आधी बोटवाल्याला विचारा, मेनू नंतर

बहुतेक ग्रुप आचारी आधी ठरवतात आणि बोटवाल्याला फक्त दर विचारतात. क्रम उलटा हवा. फोनवर हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

१. परवान्यावर किती माणसांची क्षमता आहे? लहान मुलंही माणसंच मोजायची.
२. फेरी फक्त खाडीत आहे की बाहेर समुद्रात? खाडीचं पाणी शांत असतं. समुद्रात बोट हलते आणि मेनू आणखी हलका करावा लागतो.
३. वर छत आहे का? बसायला बाक आहेत की कडेनं नुसती फळी?
४. बोटीवर शौचालय आहे का? नसेल तर मध्ये कुठे उतरवणार?
५. बाहेरचं खाणं चालतं का? विस्तव चालतो का? छोट्या बोटीवर विस्तवाला नकारच मिळतो आणि तो योग्यच आहे.
६. त्या दिवशी भरती किती वाजता?

शेवटचा प्रश्न घाटावरची माणसं विचारतच नाहीत. ओहोटीला खाडीतली वाळूची बेटं उघडी पडतात आणि बोट सगळीकडे जात नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे मित्राची बोट गेल्या शनिवारी चारला सुटली म्हणून तुमचीही चारलाच सुटेल असं नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. बोटीची वेळ यावर ठरते आणि खाण्याची वेळ बोटीवर.

शौचालयाचा प्रश्नही संकोच न करता विचारा. सोय नसली की बायका आणि वयस्कर माणसं सकाळपासून पाणी पिणंच टाळतात, आणि उन्हात तीन तास बसल्यावर त्यांचंच डोकं दुखतं. ‘दीड तासानं अमुक ठिकाणी उतरायचं आहे’ हे आधी सांगितलं की माणसं निर्धास्त पाणी पितात. सरबत किती न्यायचं याचा हिशोबसुद्धा त्यानंतरच खरा ठरतो.

> इशारा: मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत किनाऱ्यावरची पर्यटन बोटिंग बंद असते. या काळात कुणी ‘गुपचूप नेतो’ म्हणाला तर जाऊ नका.

टप्पा २: कोण काय खातं, याची यादी

ग्रुपवर ‘व्हेज किती, नॉनव्हेज किती’ एवढंच विचारून भागत नाही. आपल्याकडे वार पाळणारी माणसं पुष्कळ. रविवारी मटण खाणारा मंगळवारी-शुक्रवारी शिवत नाही. तारीख ठरवतानाच कॅलेंडर उघडून वार, एकादशी, संकष्टी बघा. शनिवार-रविवार धरलात तर शनिवार पाळणारे किती, तेही विचारा.

त्याशिवाय तीन गोष्टी प्रत्येकाला स्वतंत्र विचारायच्या. शेंगदाण्याची किंवा कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे का? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे का? गाडी लागते का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या बघून अर्धा मेनू आपोआप ठरतो, कारण ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागण्याची शक्यता जास्त.

शेंगदाण्याचं विशेष सांगतो. भडंग, चटणी, चिक्की, उपवासाचं जवळजवळ सगळं, आपल्या खाण्यात शेंगदाणा सगळीकडे आहे. एकालाही ॲलर्जी असेल तर त्याचा डबा वेगळा, आणि तो डबा त्याच्याच हातात.

टप्पा ३: घड्याळ उलटं मोजा

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

कोल्हापूर ते तारकर्ली साधारण १६० किलोमीटर. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरा, नाहीतर राधानगरीकडून फोंडा घाट; थांबत-थांबत पाच तास धराच. कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. आता हिशोब मांडा. बोट साडेतीनला, बोटीवर खाणार साडेचारला. कोल्हापुरातून सकाळी सहाला निघालात आणि आचाऱ्यानं पहाटे चारला डबे भरले, तर तो पदार्थ तोंडात जाईपर्यंत साडेबारा तास झाले.

शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या खाली गार किंवा ६० अंशांच्या वर गरम असेल तरच टिकतं. त्या मधल्या उबेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर तासभरच. डिकीत ठेवलेलं पातेलं हे नेमकं त्या मधल्या उबेतलं असतं. आमच्या पहिल्या खेपेला पांढरा रस्सा स्टीलच्या कॅनमध्ये बंद करून नेला होता. नारळाचं दूध घातलेला तो रस्सा दुपारी उघडला तेव्हा आंबूस वास येत होता, आणि ‘उकळला की होईल’ म्हणणारे दोघे-तिघे होतेच. आम्ही तो ओतून दिला. उकळल्यानं सगळं विष जात नाही. भाताचंही तसंच: शिजवून उबेत राहिलेल्या भातात तयार होणारं विष पुन्हा गरम केल्यानं मोडत नाही. मसालेभात, बिर्याणी, फ्राइड राइस, काहीही असो, घाटावरून बोटीपर्यंत भात न्यायचा नाही.

तेव्हा दिवसाची विभागणी अशी करा:

१. वाटेत सकाळी पोटभर पण कमी तेलाचा नाश्ता. मिसळ आदल्या दिवशी खा. कट पोटात घेऊन घाट उतरू नका.
२. बोटीच्या दोन तास आधी काठावर हलकं जेवण, तिथल्याच खानावळीत.
३. बोटीवर फक्त हातातलं खाणं.
४. उतरल्यावर रात्री खरं जेवण, काठावर, गरम. मटण, मासे, रस्सा, सगळी हौस इथे.

यात कोल्हापूरचं जेवण कुठे गेलं, असं कुणीतरी विचारतोच. ते टप्पा ४ मध्ये आहे.

> तपासा: नेणार असलेल्या प्रत्येक पदार्थापुढे दोन वेळा लिहा, ‘शिजला’ आणि ‘खाल्ला’. मधलं अंतर दोन तासांपेक्षा जास्त असेल तर तो पदार्थ कोरडा तरी हवा, नाहीतर बर्फात तरी. दोन्ही नसेल तर यादीतून काढा.

टप्पा ४: पदार्थ निवडणं

प्रवासाचं खाणं आपल्या आज्या उत्तम जाणायच्या. पंढरीच्या वाटेला बांधून दिलेली शिदोरी बोटीवर जशीच्या तशी चालते, कारण दोन्हीकडे अडचण तीच: विस्तव नाही, पाणी कमी, वेळ जास्त.

*पोटाचा आधार.* तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यात भरवशाच्या. दोन दिवस टिकतात, गार चांगल्या लागतात, हाताला तेल लागत नाही. माणशी चार, म्हणजे शंभर, आणि वर वीस. पीठ घट्ट भिजवा आणि जरा जाडसर लाटा, म्हणजे मोडत नाहीत. दुधात भिजवलेल्या दशम्याही चालतात. धपाटे चवीला सरस, पण दह्यात भिजवलेले आणि कांदा घातलेले धपाटे लवकर उतरतात. न्यायचेच असतील तर कांदा वगळा आणि त्याच दिवशी संपवा.

*तोंडी लावणं.* इथे कोल्हापूर सुटं सोडा. शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची, जवसाची, कुठलीही कोरडी चटणी. कांदा-लसूण चटणी जरा कमी न्या, कारण उन्हात तिखटानं पाणी जास्त लागतं. हिरव्या मिरचीचा खर्डा तेलावर परतून, छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. ओल्या नारळाची चटणी, दह्यातली कोशिंबीर आणि चिरलेला कांदा नको.

*चरायला.* भडंग. दीड किलो पुरे होतात. मात्र वाऱ्यात बशीतून कुरमुरे उडतात, म्हणून कागदी पुड्या आधीच बांधा, माणशी एक. कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून ओली भेळ करायचा मोह होतो. तो काठावर करा, बोटीवर नको: चिरायला सुरी लागते, आणि हलत्या बोटीवर सुरी हातात घ्यायची नाही.

*फळं.* केळी आणि संत्री. दोघांची पिशवी निसर्गानंच दिली आहे. बोट लागलेल्या माणसाला केळं पोटात राहतं. काकडी अख्खी धुऊन न्या, बोटीत चढण्याआधी लांब फोडी करा आणि डब्यात भरून बर्फात ठेवा. कलिंगड, पपई कापून नेऊ नका. रस गळतो आणि माश्या येतात.

*गोड.* गूळ-शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की, नाहीतर मालवणात पोचल्यावर ताजा खाजा घ्या. वाढदिवस असेल तर क्रीमचा केक काठावर, जेवणाच्या वेळी कापा. उन्हात क्रीम वितळतं, आणि वाऱ्यात मेणबत्ती लावायला जाणं म्हणजे बोटीवर विस्तव करणंच.

*नॉनव्हेज हवंच असेल तर.* सुकं, बिनरश्शाचं आणि शक्यतो बिनहाडाचं. घरी पूर्ण शिजवा, पसरून लवकर गार करा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पेटीतून न्या. काठावरच्या खानावळीत वाफ येईपर्यंत गरम करून घ्या, हॉटपॉटमध्ये भरा आणि बोट सुटल्यापासून पहिल्या तासात संपवा. यातली एकही पायरी जमणार नसेल तर बोटीवर नॉनव्हेज नको. माझं मत विचाराल तर जमत असलं तरी नको. हाडं पाण्यात टाकली जातात, हात तेलकट होतात, आणि तेलकट हातानं कठडा धरला की निसटतो. रात्री काठावर बसून निवांत खाल्लेलं मटण कधीही चांगलं.

टप्पा ५: पाणी, सरबत, बर्फ

पाणी कमी पडणं ही नेहमीची चूक. पिण्यासाठी माणशी एक लिटर म्हणजे २५ लिटर. सरबतासाठी ८. हात धुवायला १०. एकूण ४३. दोन २० लिटरचे जार घ्या, त्यातल्या एकाला तोटी असू द्या, आणि एक-एक लिटरच्या १५ गोठवलेल्या बाटल्या वेगळ्या.

या गोठवलेल्या बाटल्या म्हणजे तुमचा बर्फ. तीन दिवस आधी सुरुवात करा, तीन घरांत पाच-पाच वाटून द्या. बाटली काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना फुगतं आणि बाटली फुटते. सकाळी त्या पेटीत रचल्या की डबे गार राहतात, आणि संध्याकाळी वितळल्या की तेच पाणी प्यायला मिळतं.

> इशारा: मासळी बाजारातला लादीचा बर्फ ग्लासात घालू नका. तो मासे टिकवण्यासाठी असतो, पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. खायचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा ठेवायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. लादी घेतलीत तर ती पेटीच्या बाहेरून गारवा देण्यापुरती.

सरबतात कोकम पहिलं. माणशी दीड ग्लास धरून दोन लिटर गोड कोकम सिरप पुरतं. एका वाट्याला चार-पाच वाटे पाणी. घेताना बाटली नीट वाचा. आगळ वेगळं, सिरप वेगळं. आगळ खारट असतं, त्यात साखर नसते. घाईत त्याचंच सरबत केलं की कुणालाच पिववत नाही. एप्रिल-मेमध्ये कैरीचं पन्हं करा, गर घरून न्या आणि पाणी तिथे घाला. लिंबाचंही तसंच, साखर-मीठ घातलेला रस बाटलीत आणि पाणी आयत्या वेळी.

सोलकढी बोटीवर नको. तिच्यात नारळाचं दूध आहे, ती काठावरच्या जेवणात ताजी प्या. उसाचा रस काढल्या काढल्याच पिण्याचा, तो न्यायचा पदार्थच नव्हे. ताक न्यायचं तर डेअरीची बंद पाकिटं, बर्फात. गोटी सोडा कितीही आवडत असला तरी काचेची एकही बाटली बोटीवर चढवू नका. अनवाणी पाय, ओली फळी आणि काच हे एकत्र येता कामा नये.

चहाची तल्लफ असणाऱ्यांसाठी पाच लिटरचा थर्मास, काठावरून भरून घेतलेला, आणि अर्धा कपच ओतायचा.

*दारूचं काय?* हा प्रश्न टाळून उपयोग नाही. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो. बिअर-वाइनला वय २१ पूर्ण आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतं. गोवा जवळ आहे म्हणून तिथली बाटली विनापरवाना इकडे आणणं गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यांवर तपासणी होते. हे झालं कायद्याचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दारूनं तोल जातो, तहान वाढते, आणि पट्टीचा पोहणारा सगळ्यात आधी लाइफ जॅकेट काढतो. रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला खाडीच्या मुखाची ओढ ठाऊक नसते. बोटीवर कुणीही घ्यायची नाही, हे पैसे गोळा करतानाच सांगा. बोट सुटल्यावर सांगितलं तर भांडण होतं.

टप्पा ६: रंकाळ्यावर चाचणी

हा टप्पा हसण्यावारी नेऊ नका, अर्ध्या तासाचं काम आहे. आदल्या रविवारी संध्याकाळी चार-पाच जण रंकाळ्याच्या कट्ट्यावर जा. वारा असतोच. ठरवलेला मेनू तिथे एकेक घास खाऊन बघा, डावा हात कट्ट्यावर टेकलेला ठेवूनच. पत्रावळ उडते का? पुरी एका हातानं तुटते का? चटणी वाऱ्यानं डोळ्यात जाते का? आमची कोरडी शेंगदाणा चटणी अशीच उडाली, आणि त्यावरून तेलाचे चार थेंब घालून ओलसर करायचं सुचलं. खर्ड्याच्या डब्याचं झाकण दोन हातांशिवाय उघडत नव्हतं, तेही तिथेच कळलं.

टप्पा ७: आदल्या रात्री भरणं

१. तळलेलं, भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या. कोमट पुऱ्या डब्यात घातल्या की वाफ धरते, पाणी सुटतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. सुती फडक्यात गुंडाळून मग डब्यात.
२. दोन पेट्या करा. एक बर्फाची: ताक, काकडी, सुकं असेल तर ते. दुसरी कोरडी. पिण्याच्या बाटल्यांसाठी बर्फाची पेटी सारखी उघडली की गारवा जातो, म्हणून प्रवासात प्यायचं पाणी वेगळं.
३. पेटीत तळाला बर्फ, मध्ये डबे, वर पुन्हा बर्फ. कच्चं आणि शिजवलेलं एकत्र नको.
४. थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे ग्लास-चमचे घेऊ नका. बंदी आहेच, आणि वाऱ्यानं ते थेट पाण्यात जातात. घरच्या स्टीलच्या खोलगट वाट्या आणि पेले उत्तम. जड असतात, उडत नाहीत.
५. ओले फडके, कागदी नॅपकिन, मीठ-साखर-पाण्याची ओआरएसची पाकिटं, आलेपाक, आणि उलटीसाठी जाड कागदी पिशव्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाला नको.

बोट लागू नये म्हणून गोळी घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

> तपासा: पाणी, बर्फ, डबे मिळून साधारण ७० किलो होतात. म्हणजे एक जादा माणूसच. बोटवाल्याला हे वजन सांगा, आणि पेट्या बोटीच्या मधोमध, खाली ठेवायला सांगा.

टप्पा ८: बोटीवर वाढण्याचा क्रम

वाढपी दोघेच नेमा. पंचवीस जण पेटीभोवती जमले की बोट एका बाजूला कलते.

पहिली २० मिनिटं फक्त पाणी, काही खायचं नाही. शरीराला हलण्याची सवय होऊ द्या. मग सरबत आणि भडंगाच्या पुड्या. तासाभरानं इंजिन बंद करून बोट शांत पाण्यात उभी करायला सांगा, आणि तेव्हाच पुऱ्या-चटणी वाढा. डबे माणसांकडे गेले पाहिजेत, माणसं डब्यांकडे नव्हे. वयस्कर आणि मधुमेहवाले पहिले. लाइफ जॅकेट खाताना सुद्धा अंगावरच.

ज्याला मळमळतंय त्याला तेलकटाचा वास येणार नाही अशा बाजूला, पण मधोमध बसवा. नजर लांब काठावर ठेवायला सांगा, मोबाइल खिशात. आलेपाकाची वडी, घोट-घोट पाणी, आणि ‘दोन घास खा, बरं वाटेल’ असा आग्रह अजिबात नको. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग आहे, पण तो रात्रीच्या पंगतीला करा.

परतीच्या अर्ध्या तासात फळं आणि लाडू, त्यानंतर काही नाही. एक माणूस कचऱ्याची पिशवी घेऊन फिरेल. उरलेलं अन्न माशांना म्हणून खाडीत टाकायचं नाही. संत्र्याची सालंही पिशवीतच.

टप्पा ९: उतरल्यावर

बर्फाच्या पेटीतल्या बाटल्यांना हात लावून बघा. त्यांत अजून बर्फाचा खडा असेल तर ताकाची बंद पाकिटं ठेवायला हरकत नाही. सगळं वितळून कोमट झालं असेल तर त्या पेटीतलं ताक, काकडी, सुकं टाकून द्या, वास बरा येत असला तरीही. पुऱ्या, चटण्या, लाडू, भडंग परतीच्या वाटेला राहू द्या.

मग खानावळीत फोन करा आणि भाकऱ्या टाकायला सांगा. तो रस्सा तिथे चुलीवर तयार असतो.